कळणे आणि वळणे

सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते. घाट उतरून ती पोलादपूर व महाड या गावांजवळून वाहत जाते आणि बाणकोटच्या खाडीवाटे समुद्रास मिळते. तिचा हा प्रवास फार लांबचा नाही. त्यामुळे घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस थोड्याच तासांत महाडच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहतो. गांधारी नदी महाडजवळच सावित्रीला मिळते. काळ नदीचे पाणीही तिलाच येऊन मिळते. अशा वेळी समुद्रास भरती असली, तर एवढ्या पाण्याला पुढे सरकण्यास वाव उरत नाही आणि ते बाजारपेठेत शिरते. म्हणून पूर हा महाडकरांचा जुना परिचित आहे. अमक्या वर्षी पाणी कोणत्या पायरीस लागले होते, हे जुन्या घरांतील वडीलधारी माणसे आजही बोट दाखवून सांगतात.

परंतु २०२१ सालच्या जुलै महिन्यात आलेला पूर वडीलधाऱ्यांच्याही आठवणीत न बसणारा होता. २३ जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वर येथे सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. महाड शहरात पाणी घराघरांत शिरले; कित्येक ठिकाणी तळमजले बुडाले. २२ जुलैच्या सायंकाळी महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. त्या दुःखाचे वर्णन करण्याचा येथे हेतू नाही. पूर ओसरल्यानंतर जे दुसरे संकट पावलांनाही न कळता घरात येते, त्याविषयी येथे चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

पाणी उतरले म्हणजे मागे गाळ उरतो. त्या गाळात घरातले धान्य असते, वाहून आलेला कचरा असतो, मेलेली जनावरे असतात, आणि गटारे व गोठे यांतील सर्व घाणही असते. बिळांतून बाहेर पडलेले उंदीर माणसांच्याच आश्रयाला आलेले असतात. घर तर लवकर स्वच्छ करावयास हवे. मग लहानथोर सगळे फावडी व झाडू घेऊन गुडघाभर चिखलात उतरतात. याच वेळी ‘लेप्टोस्पायरोसिस’ नावाच्या रोगास संधी मिळते. आपल्याकडे लोक त्यास थोडक्यात ‘लेप्टो’ असे म्हणतात.

या रोगाचा जंतू अतिशय बारीक, मळसूत्रासारखा पिळाचा असतो आणि त्याची टोके आकड्यासारखी वळलेली असतात. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. १८८६ साली आडोल्फ वाईल या जर्मन वैद्याने ताप, कावीळ आणि मूत्रपिंडांचा बिघाड ही लक्षणे एकत्र दिसणाऱ्या रोगाचे वर्णन केले. परंतु त्या रोगाचे कारण त्यास ठाऊक नव्हते. ते १९१५ साली जपानमधील इनाडा व इडो या संशोधकांनी शोधून काढले. तेथे कोळशाच्या ओल्या खाणींत काम करणाऱ्या मजुरांना आणि भाताच्या खाचरांत राबणाऱ्या शेतकऱ्यांना हा रोग होत असे. महाड-पोलादपूरच्या मुलांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. भाताचे खाचर, ओली माती आणि अनवाणी पाय हे चित्र जपानचे असले, तरी ते आपल्या कोंडा-वाड्यांचेही आहे.

हा जंतू उंदीर, घुशी, गुरे, डुकरे, कुत्री अशा प्राण्यांच्या मूत्रपिंडांत वास करतो. पुष्कळदा तो प्राणी आजारी दिसतही नाही. त्याच्या मूत्रावाटे जंतू बाहेर पडतात आणि पाण्यात किंवा ओल्या मातीत मिसळतात. ओलावा व सावली मिळाली, तर ते तेथे कित्येक आठवडे जिवंत राहू शकतात. कोरडेपणा, कडक ऊन, उकळी आणि क्लोरीन यांपुढे मात्र त्यांचा टिकाव लागत नाही. अशा पाण्यात किंवा चिखलात माणूस उतरला, की पायावरील खरचटलेल्या जागेतून, टाचेच्या भेगेतून, विळ्याने कापलेल्या बोटातून किंवा फार वेळ भिजून मऊ पडलेल्या कातडीतून ते शरीरात शिरतात. डोळे, नाक व तोंड यांच्या नाजूक अस्तरातूनही त्यांना प्रवेश मिळतो. २००५ सालच्या २६ जुलैच्या महापुरानंतर मुंबईत या रोगाची मोठी साथ आली होती, ती याच कारणाने. शहर असो वा खेडे, जंतूस त्याचे काही नसते; त्याला ओल व उघडी जखम एवढेच पुरते.

जंतू शरीरात शिरल्यापासून साधारणतः पाच ते चौदा दिवसांत ताप येतो. थंडी वाजते, डोके फार दुखते, डोळे लाल होतात, आणि पोटऱ्या व कंबर इतकी दुखते की चालणे कठीण व्हावे. हा ताप प्रारंभी इतर तापांसारखाच भासतो. त्याच वेळी डॉक्टरांनी तपासून योग्य औषध दिले, तर रोगी बहुधा बरा होतो. परंतु औषधास उशीर झाला, तर काहींच्या बाबतीत रोग मूत्रपिंडे, यकृत व फुप्फुसे यांवर हल्ला चढवितो. कावीळ होते, लघवी कमी होते आणि प्राणावर बेतते. म्हणजे ज्या रोगाचा उपाय साध्या औषधात आहे, तोच रोग केवळ चार दिवसांच्या दिरंगाईने घातक ठरू शकतो.

मुलांनो, ही माहिती गुप्त आहे काय? मुळीच नाही. कोकणात ती पावसाळ्यापूर्वी भिंतीवरील पत्रकांतून वाचावयास मिळते, आरोग्य सेविका व आशाताई घरोघर जाऊन सांगतात, शाळेत प्रार्थनेनंतर वाचून दाखविली जाते. मी मुख्याध्यापक असताना ती स्वतः कित्येक वर्षे वाचून दाखविली आहे. तरीही २०२१ साली माझ्याच बाबतीत जे घडले, ते तुम्हांला सांगितले पाहिजे.

मी तेव्हा सेवानिवृत्त झालेलो होतो. पुराचे पाणी उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी मी एका परिचित शाळेत गेलो. तेथील कपाटे आडवी पडली होती आणि जुनी हजेरीपत्रके गाळात रुतली होती. ती पाहून मला राहवले नाही. चपला दाराशी काढून मी तसाच आत शिरलो. माझ्या उजव्या टाचेस मोठी भेग होती; ती मला ठाऊक होती. दोन तासांनी बाहेर आलो, तेव्हा एका आशाताईने मला गोळ्या दिल्या आणि त्या जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यावयास सांगितल्या. मी “होय ताई” म्हटले, गोळ्या सदऱ्याच्या खिशात ठेवल्या आणि विसरून गेलो. पुढे तो सदरा धुण्यात गेला.

नवव्या दिवशी ताप आला. घरी विचारले, तेव्हा “श्रमाचा ताप आहे” असे मीच उत्तर दिले. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखू लागल्या. तेव्हाही मी तेल चोळून घेतले. तिसऱ्या दिवशी तीच आशाताई गल्लीत तापाची विचारपूस करीत आली. ती माझी जुनी विद्यार्थिनी. तिने माझे डोळे पाहिले आणि म्हणाली, “सर, हे तुम्हीच आम्हांला शिकविले होते. आता उठा.” मी मुकाट्याने उठलो. रक्ताची तपासणी झाली, औषध वेळेवर सुरू झाले आणि मी बरा झालो. त्या आजारात मला तापापेक्षा त्या मुलीच्या वाक्याचा दाह अधिक झाला. ज्याने धडा शिकविला, त्यालाच तो आचरता आला नव्हता.

आपल्या भाषेत यास अचूक शब्द आहेत : कळते, पण वळत नाही. रोगप्रतिबंधाचा सारा प्रश्न या चार शब्दांत सामावलेला आहे. कळणे हे बुद्धीचे काम आहे आणि वळणे हे हातापायांचे. परंतु या दोहोंमध्ये आणखी एक पायरी असते, ती पटण्याची. जे कळले ते आपल्याला लागू आहे, असे मनास पटल्यावाचून हातपाय हलत नाहीत. म्हणून गावात रोग कसा पसरतो हे समजून घेताना, लोकांना काय कळले आहे एवढेच पाहून चालत नाही. त्यांना काय पटलेले नाही, हेही शोधावे लागते.

पहिली न पटणारी गोष्ट ही, की रोग आपल्याला होईल. “जन्मभर चिखलात राबलो, आम्हांला काय होते?” हे वाक्य लावणीच्या दिवसांत प्रत्येक वाडीत ऐकू येते. त्यात कष्टाचा अभिमान आहे आणि तो योग्यच आहे. पण त्यातील अनुमान चुकीचे आहे. पुष्कळांना हा रोग सौम्य स्वरूपात होऊन जातो आणि तो ओळखूही येत नाही. शिवाय या जंतूचे दोनशेंहून अधिक प्रकार आहेत. एका प्रकाराशी शरीराने झुंज दिली, म्हणजे सर्वांपासून संरक्षण मिळाले असे नव्हे. आजवर वाचलो, हा उद्याच्या बचावाचा पुरावा होत नाही.

दुसरी गोष्ट आजार अंगावर काढण्याची. ताप आला तरी कामावर जावे, दोन दिवस वाट पाहावी, मग पाहू, अशी आपली रीत आहे. यास केवळ हलगर्जीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर आहे, त्याला एक दिवस घरी बसणे म्हणजे एक दिवस चूल बंद ठेवणे वाटते. पोलादपूरच्या डोंगरावरील वाडीतून दवाखान्यापर्यंत यावयाचे, तर पावसात ओढे पार करून यावे लागते. तेव्हा अशा माणसास उपदेश करण्यापूर्वी, त्याच्या वाटेतील ओढ्याचा विचार आपण करावयास हवा. शेजाऱ्याने त्याच्या वाट्याचे आवण लावून द्यावे, कोणी त्यास गाडीवर बसवून दवाखान्यात न्यावे. ही मदत औषधाइतकीच मोलाची आहे.

तिसरी गोष्ट भीतीची व लाजेची आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा सरकारी माणसे रोग्यास ओढून नेतील या धास्तीने लोक रोगी लपवून ठेवीत. त्यायोगे प्लेग अधिकच पसरला. या गोष्टीस सव्वाशे वर्षे होतात न होतात तोच, २०२० साली कोरोनाची साथ आली. मुंबईचे चाकरमानी गावी परतू लागले, तेव्हा कोकणातील कित्येक गावांनी वेशीवर बांबू बांधले. काळजी घेणे अवश्य होते. नव्याने आलेल्यांनी काही दिवस वेगळे राहणेही अवश्य होते. परंतु जेथे वेगळे ठेवण्याबरोबर जेवणाचे ताट व धीराचा शब्द दिला गेला, तेथे माणसांनी ताप सांगितला. जेथे केवळ बोल लावला गेला, तेथे त्यांनी तो लपविला. रोग लपला की तो थांबत नाही, अंधारात वाढतो.

येथे महाडच्याच इतिहासातील एका घटनेचे स्मरण होते. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. सीताराम केशव बोले यांनी तो मांडला होता. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले केले. परंतु ठराव कागदावरच राहिला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना पाणी घेता येईना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी घेऊन आपला हक्क बजावला. त्यानंतर काही लोकांनी तळे बाटले असे मानून त्याची ‘शुद्धी’ केली. पुढे न्यायालयाचा निकालही तळे सर्वांस खुले ठेवण्याच्या बाजूनेच लागला. मुंबई उच्च न्यायालयाने तो १९३७ साली दिला.

आपल्या विषयाशी या घटनेचा संबंध जवळचा आहे. पाण्यास कशाने बाधा होते, हा प्रश्न त्या दिवशीही होता. पण त्याचे उत्तर शोधताना लोकांनी जंतू पाहिला नाही, माणूस पाहिला. माणसाच्या स्पर्शाने पाणी कधी बाटत नाही. ते मलमूत्राने, गटाराने व सांडपाण्याने दूषित होते, मग ते कोणाच्याही अंगणातून आलेले असो. नसत्या विटाळाची भीती बाळगणारा समाज खऱ्या दूषिताकडे डोळेझाक करतो. दुसरे असे, की ठराव झाला आणि आचरण झाले नाही, हेही ‘कळते पण वळत नाही’ याचेच उदाहरण होय. त्या दिवशी पहिली ओंजळ कोणीतरी उचलावी लागली.

म्हणून कोणत्याही साथीत पहिला प्रश्न असा विचारावा : या रोगाची वाट कोणती? पटकीचा जंतू पाण्यातून व अन्नातून येतो; रॉबर्ट कॉख या शास्त्रज्ञाने १८८४ साली कलकत्त्यास त्याविषयी संशोधन केले. हिवताप डासावाटे येतो. रोनाल्ड रॉस याने १८९७ साली सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले. क्षयाचे जंतू रोग्याच्या खोकल्यावाटे हवेत येतात. लेप्टोचा जंतू ओल्या मातीतून व पाण्यातून येतो. रोग्याजवळ बसल्याने, त्याचा हात धरल्याने किंवा त्यास पेज भरविल्याने तो सहसा येत नाही. तेव्हा पटकीत पाणी उकळावे, हिवतापात डबकी बुजवावी, क्षयात तोंडावर रुमाल धरावा व औषध पूर्ण घ्यावे, आणि लेप्टोत पायांस जपावे. वाट ओळखली म्हणजे नेमकी तीच बंद करता येते, आणि विनाकारण माणसास दूर लोटण्याचे पाप घडत नाही.

आता सवयीविषयी. डॉक्टर सांगतात, चिखलात उतरताना गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घाला. पूर ओसरल्यावर घर वा रस्ता साफ करताना हा सल्ला तंतोतंत पाळावा. हातांतही रबरी मोजे घालावेत. परंतु ज्याने प्रत्यक्ष लावणी केली आहे, त्याला यातील अडचण ठाऊक असते. खाचराच्या चिखलात बूट रुततो; पाय वर येतो आणि बूट आतच राहतो. शेतकरी बूट घालीत नाही, याचे कारण पुष्कळदा अज्ञान नसून अनुभव असतो. मग त्याने काय करावे? शेतात उतरण्यापूर्वी हातापायांवरील जखमा व भेगा पाहाव्यात. जखम असेल तर ती पाणी न शिरेल अशा पट्टीने झाकावी; मोठी असेल तर त्या दिवशी बांधावरचे काम करावे. खाचरातल्या पाण्याने तोंड धुऊ नये, जखम तर मुळीच धुऊ नये. काम संपताच स्वच्छ पाण्याने व साबणाने हातपाय धुवावेत आणि कोरडे करावेत. फार धोक्याच्या काळात आरोग्य खाते आठवड्यातून एकदा घ्यावयाची डॉक्सिसायक्लिनची गोळी देते. ती आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सांगण्यावरूनच घ्यावी. गरोदर स्त्रियांनी व लहान मुलांनी ती आपल्या मनाने घेऊ नये. आणि गोळी घेतली म्हणून बाकीची काळजी सोडू नये.

एवढ्या गोष्टी लक्षात कशा राहाव्यात, असे तुम्ही विचाराल. यावर कोकणच्याच एका जुन्या चालीत उत्तर आहे. आपल्याकडे बाहेरून आलेला माणूस पाय धुतल्यावाचून घरात पाऊल टाकीत नाही. पडवीच्या कडेला पाण्याचा हंडा व तांब्या ठेवलेला असतो. ही सवय कोणी पत्रक वाचून लावून घेतलेली नाही. ती हाडीमासी खिळलेली आहे. त्या हंड्याशेजारी साबणाची वडी आणि कोरडे फडके ठेवा. पाय धुताना टाच उचलून भेग पाहा. एवढे केले की नवी शिकवण जुन्या सवयीच्या हाती दिल्यासारखे होते. नव्या रोपास जुन्या झाडाचा आधार द्यावा, तसे हे आहे. माझ्या आजारानंतर माझ्या घरी हीच व्यवस्था केली आहे, आणि साबण संपला की नातवाने आठवण करावयाची असा नेम आहे. तो ती फार कडकपणे करतो.

काही सवयी मात्र एकट्याने लावून भागत नाही. त्या साऱ्या गावाने लावून घ्याव्या लागतात. गोठ्याचे सांडपाणी विहिरीकडे किंवा वाटेवर न जाऊ देता त्यास वेगळी चर काढून द्यावी. उष्टे व धान्य उघडे टाकू नये, म्हणजे उंदरांना आमंत्रण मिळणार नाही. पुराचे पाणी शिरलेल्या विहिरीचे पाणी शुद्ध केल्यावाचून पिऊ नये. ग्रामपंचायतीकडे पाण्यात टाकावयाची टी.सी.एल. पावडर असते, तिचे झाकण उघडे राहिले, तर तिच्यातील क्लोरीन उडून जातो आणि उरतो तो नुसता चुना. म्हणजे पावडर टाकली गेली एवढे पुरत नाही. ती जिवंत होती काय, हे तपासावे लागते. गावचा जलसुरक्षक पाण्यात औषधाचे थेंब टाकून रंगावरून ही परीक्षा करतो. ती कशी करतात, हे मुलांनी एकदा त्याच्याजवळ उभे राहून पाहावे.

लोकांची मने बदलतात काय, अशी शंका पुष्कळांना येते. देवीच्या रोगाचा इतिहास या शंकेचे उत्तर देतो. मुंबईत देवीची पहिली लस १८०२ साली एका लहान मुलीस टोचण्यात आली. पुढे कितीतरी वर्षे लोक लस टोचणाऱ्यास पाहून दारे लावून घेत. रोगास देवीचा कोप मानीत. तरीही घरोघर जाणारे लोक थकले नाहीत. १९७५ साली आपल्या देशातील देवीचा शेवटचा रोगी नोंदला गेला, आणि १९८० साली सारे जग या रोगातून मुक्त झाल्याची घोषणा झाली. कळण्यापासून वळण्यापर्यंतचा तो प्रवास पावणेदोनशे वर्षांचा होता. आपल्याला एवढा वेळ लावण्याचे कारण नाही.

सावित्रीस पुन्हा पूर येईल. डोंगर, पाऊस आणि भरती यांवर आपली सत्ता नाही. पाणी किती चढावे, हे आपण ठरवू शकत नाही. परंतु ते उतरल्यावर चिखलात पाय कसा टाकावा, ताप आल्यावर कोणत्या दिवशी उठावे, आणि शेजारी तापाने पडला तर त्याच्या दाराशी जावे की दार लावून घ्यावे, हे सर्वस्वी आपल्या हाती आहे. तुमच्यापैकी कित्येकजण हा धडा पाठ करतील आणि परीक्षेत त्यास चांगले गुणही मिळवितील. मीही तसे गुण दिलेले आहेत. पण या धड्याची खरी परीक्षा आषाढातल्या एखाद्या संध्याकाळी, पडवीच्या कडेला, हंड्याजवळ होते. तेथे प्रश्नपत्रिका नसते आणि उत्तर पायांनीच द्यावे लागते.

अभ्यास

१. लेप्टोचा जंतू माणसाच्या शरीरात कोणकोणत्या वाटांनी शिरतो, ते आपल्या शब्दांत लिहा.

२. ‘आजवर वाचलो, हा उद्याच्या बचावाचा पुरावा होत नाही,’ असे लेखक का म्हणतो?

३. चवदार तळ्याच्या घटनेवरून रोगप्रतिबंधाविषयी कोणते दोन बोध लेखकाने काढले आहेत?

४. कळणे, पटणे आणि वळणे यांतील फरक स्वतःच्या अनुभवातील एक उदाहरण देऊन स्पष्ट करा.

५. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : अंगावर काढणे, बोल लावणे, डोळेझाक करणे, हाडीमासी खिळणे.

६. आपल्या घरातील किंवा गावातील एक जुनी चांगली सवय निवडा. तिच्या आधाराने आरोग्याची कोणती नवी सवय लावता येईल, ते घरच्या वडील माणसांशी बोलून दहा ओळींत लिहा.